जवळचं भिंग

आरसा घासून मिळणार नाही. चष्म्याचं काही असेल तर बोला. काच बदलून देतो, काडी बसवून देतो, पण दुर्बिणीचा आरसा नाही. आता वीज गेलीच आहे आणि बाहेरच्या गारठ्यात निघायला तुम्हीही तयार दिसत नाही, तर बसा. शटर अर्धं ओढून घेतो. ती मेणबत्ती जरा तुमच्याकडे सरकवा, माझ्या डोळ्यांवर येतेय. तुमच्या मुलीला तारे बघायचं वेड आहे, चांगलं आहे, पण मी नाही का म्हणतो ते ऐकून घ्या. मग ठरवा मी खडूस आहे का ते. माझी बायको तर आहेच म्हणते.

दुर्बीण माझ्या दाजींची होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की मला आईचा चेहराच आठवत नाही, ताईचा आठवतो. तिने मला न्हाऊ घातलं, अभ्यासाला बसवलं, धपाटेही घातले. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "माझा भाऊ माझ्याबरोबर येणार. जमत असेल तर पुढचं बोलू." दाजींना जमलं. ते पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. त्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, मधलं आणि करंगळीशेजारचं. पण रडगाणं कधी गायले नाहीत. "तुझ्या दहापेक्षा माझी आठ शहाणी आहेत रे भिंग्या," म्हणायचे. भिंग्या म्हणजे मी. शाळेत असल्यापासून काचा घासायचा नाद, म्हणून ताईनेच ठेवलेलं नाव.

हात बरा होईपर्यंत घरी बसून त्यांनी ती दुर्बीण केली. नळी, लाकडी बैठक, सगळं त्यांचं. आरसा मात्र मी घासलेला. छोटीशीच होती, पण चंद्राचे खड्डे असे दिसायचे की बोट घालून बघावं. मग थंडीतल्या प्रत्येक मोकळ्या रात्री आम्ही तिघं मागच्या अंगणात. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, दारात पांघरूण घेऊन पेंगत बसायची.

दाजींचे नियम कडक. अंगणात उजेड नाही म्हणजे नाही. काडी ओढायची नाही, मोबाइल आले तेव्हा तेही घरातच ठेवून यायचे. अंधाराला सरावलेला डोळा एका क्षणाच्या उजेडाने वाया जातो आणि पुन्हा सरावायला बराच वेळ लागतो. त्यामुळे अंगणात कुणाला कुणी दिसायचं नाही, नुसते आवाज. स्टुलावर बसलेल्याकडून पाळी हवी असेल तर बोलायचं नाही, ओढायचं नाही, मागून जाऊन त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की बसलेल्याने नळीला धक्का न लावता उठायचं आणि जागा द्यायची. आणि भिंगं तीन. आधी लांबचं, त्यातून आभाळाचा मोठा तुकडा दिसतो. हवं ते सापडलं की जवळचं. आणि एक त्याहून जोरकस, दाजी त्याला 'नाकावरचं' म्हणायचे, कारण त्यातून बघितलं की चंद्र नाकावर आपटेल असं वाटायचं. आधी लांबचं, मग जवळचं, मग नाकावरचं. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

गेल्या वर्षी दाजी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. भाची लग्न होऊन दूर, तिला नुकतीच मुलगी झालेली. ताई एकटी राहिली, गावाच्या शेवटच्या घरात. मी म्हटलं, माझ्याकडे चल. नाही म्हणाली. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. महिन्यागणिक वाळत चालली होती. फोनवर आवाज असा यायचा, की आत्ताच रडून उठलीय. माझी झोप उडाली हो. मला आई दुसऱ्यांदा गमवायची नव्हती, एवढंच.

मग या थंडीत तिचा फोन आला. "भिंग्या, दुर्बिणीचा आरसा हललाय रे. काही धड दिसत नाही. तुझ्या हातचं काम आहे. येतोस?"

बायको पानं घेत होती. म्हणाली, "जा. ताईंनी हाक मारली की तुम्ही स्वतःच्या सरणावरूनसुद्धा उठून जाल."

"आणि तू हाक मारलीस तर?"

"तर म्हणाल, आधी चष्मा शोधून दे." हसली ती. "घेऊन या त्यांना. पुढची खोली मोकळीच आहे. आणि माझी काळजी करू नका, मी दिवा लावून झोपेन."

माझी बायको एकटी असली की दिवा लावून झोपते. झोप मात्र अशी गाढ, की शेजारी भिंत पाडली तरी कूस बदलायची नाही.

मी संध्याकाळी पोचलो. दार ताईने उघडलं. डोळ्यांखाली काळं, गालफडं वर आलेली. मला बघून मात्र एवढी खूश झाली की दारातच माझा हात धरून उभी राहिली. सोडेचना. मी म्हटलं, "अगं, आत तर येऊ दे, पाहुणा आहे मी."

उजेड होता तोवर दुर्बीण उघडून बघितली. आरसा जागच्या जागी. स्क्रू घट्ट, काच स्वच्छ, केसभरही हललेली नाही. ताई खोटं बोलली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला खोटं बोलताना पकडलं, आणि मला काय वाटलं सांगू? गलबलून आलं. वाटलं, बिचारी, एकटेपण सांगायची लाज वाटते, म्हणून आरशाचं निमित्त. उगीच दोन स्क्रू पिळल्यासारखे केले आणि म्हटलं, "झालं. आता बघ कशी दिसते."

"आज तूच बघ," ती म्हणाली. "आभाळ छान आहे."

जेवलो. मग नेहमीसारखे मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले, घरातले दिवे मालवले आणि मागे आलो. ते अंगण चारी बाजूंनी उंच भिंतीचं. बाहेर पडायची वाट घरातूनच. थंडी अशी की नळीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. स्टूल, शेजारी पायरीवर भिंगांचा पत्र्याचा डबा. डोळा सरावला तसे तारे एकेक करून उगवायला लागले, अगदी भिंतीच्या कडेपर्यंत.

"मी शाल घेऊन येते," ताई म्हणाली. तिची पावलं आत गेली. दार लोटल्याचा आवाज झाला.

मी लांबचं भिंग लावून कृत्तिकांचा पुंजका धरला. आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, वरचं खाली. ताऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही. पृथ्वी फिरते म्हणून दृश्य हळूहळू सरकत राहतं, आपण नळी बोटाने इवलीशी ढकलत राहायचं. बरं वाटलं. किती दिवसांनी असा बसलो होतो. दाजींची आठवण आली, डोळे भरले, तारे विरघळले, ते पुसून मी पुन्हा डोळा लावला.

थोड्या वेळाने उजव्या खांद्यावर हात पडला.

मी काही विचारच केला नाही. वर्षांची सवय. अलगद उठलो, बाजूला झालो, "बस, पुंजका धरलाय, फक्त डोळा लाव," म्हटलं आणि चाचपडत पायरीवर जाऊन बसलो. स्टूल करकरलं. मग शांत.

मला वाटलं, हीच वेळ आहे. अंधारात बोलायला सोपं जातं. मी बोलत सुटलो. "ताई, बस झालं आता. तू माझ्याकडे चल. पुढची खोली तुझीच. दुर्बीण गच्चीवर ठेवू. तुझी भावजय वरून फणसासारखी आहे, पण आतून गोड आहे, तुला माहीत आहे. इथे एकटीने काय करतेस? मला झोप लागत नाही गं तुझ्या काळजीने…"

"हं," स्टुलाकडून आलं.

आवाज नव्हता तो. नुसता श्वास, 'हं'च्या आकाराचा. मला वाटलं, रडतेय. मी तिला रडू दिलं. मग माझ्या पायाशी डबा उघडल्याचा आवाज झाला. पत्र्याचं झाकण, मग भिंग नळीत बसतं तेव्हाची ती बारीक घासणी. ताईने भिंग बदललं होतं. मला कौतुक वाटलं, अंधारात बरोबर सापडलं हिला. तेवढ्यात एक वास आला, बरेच दिवस बंद ठेवलेल्या बरणीचं झाकण काढावं तसा. थंडीत वास येत नाहीत सहसा.

आणि स्वयंपाकघरातला दिवा लागला.

खिडकीत ताई उभी होती. आत. काचेपलीकडे. शाल अंगावर घेऊन. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी अजून विसरलो नाही. सुटकेचा भाव होता तो. मग तिने पडदा ओढला आणि दिवा मालवला.

त्या क्षणाच्या उजेडाने माझे डोळे गेले. सरावलेले डोळे हो, ठार आंधळा झालो मी. समोर नुसते हिरवे-जांभळे डाग. त्या डागांमागे स्टूल हळूच करकरलं. कुणीतरी उठलं.

मग हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला. या वेळी मी पायरीवर बसलेलो होतो, तरी बरोबर उजव्याच खांद्यावर. पाळी परत देत होतं ते.

खरं सांगतो, पहिल्यांदा भीती नाही वाटली. मी म्हटलं, "दाजी?… दाजी, तुम्ही आहात?" मरणानंतरही माणूस आपल्या दुर्बिणीपाशी आला तर त्यात भ्यायचं काय? आपलंच माणूस. मी माझा हात वर नेला आणि त्या हातावर ठेवला.

गार होता, ते ठीक. पण दाजींचा हात मला पाठ आहे. मधे दोन बोटांची खिंड. त्याच हाताने मला सायकल शिकवली, लग्नात पाठीवर थाप मारली. या हाताला खिंड नव्हती. चारी बोटं एकमेकांना लागून होती, लांब, सरळ. मी चाचपून बघितली. चारी होती.

मी तिथून कसा उठलो मला कळलं नाही. दाराकडे धावलो. दार आतून लावलेलं.

"ताई, दार उघड. ताई!"

आतून काही नाही. मी कान लावला. ती दारापलीकडेच होती, तिचा श्वास ऐकू येत होता. "ताई, इथे कुणीतरी आहे गं… दाजी नाहीत ते… उघड ना…"

"आभाळ भरून आलं की जातं ते," ती हळूच म्हणाली. "उजाडलं की जातं. काही करत नाही. नुसतं बघतं. तू बस जा, भिंग्या." आणि मग तिची पावलं आत, लांब जाताना ऐकू आली. पलंग वाजला. ती झोपायला गेली होती.

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ना, ते हसण्यावारी न्यायचं झालं. माझ्यावर वेळ आली तेव्हा हसू आलं नाही. दार बडवून हात सोलवटले. भिंतीवर चढायला गेलो, बोटं धरायला एक फट नाही. शेजारचं घर लांब, ओरडलो तर आवाज थंडीत तिथल्या तिथे विरून जायचा. मोबाइल ओट्यावर. अंगणात उजेड नको, हा आमचाच नियम.

मग मला ते ऐकू आलं. स्टुलाकडून. दोन टिचक्या, पत्र्याच्या नळीवर. 'बघ' म्हणण्यासारख्या.

मी नको म्हटलं. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पुन्हा टिचक्या. मी का गेलो, ते विचारू नका. कदाचित बघितलं की सोडेल असं वाटलं असेल. स्टुलावर बसलो आणि डोळा लावला.

तारे नव्हते. नळी सरळ आभाळाकडे होती, मी हात फिरवून बघितला, आभाळाकडेच होती. पण भिंगात एक उजेडाचा चौकोन होता. उलटा. मी बघत राहिलो आणि मला पडद्यावरची नक्षी ओळखू आली. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी. पडद्याच्या फटीतून दिवा, दिव्याखाली पलंग, पलंगावर माझी बायको, पाय वर डोकं खाली अशी, छताला चिकटून झोपल्यासारखी. एका पूर्ण गावापलीकडून. मला तिचं पांघरूण वरखाली होताना दिसत होतं.

डोळा काढला. खांद्यावर हात पडला. उठावं लागलं. म्हणजे ते उठवत नव्हतं हो, ओढत नव्हतं, पण तो हात खांद्यावर ठेवून बसून राहणं माणसाला जमत नाही. स्टूल करकरलं. ते बघायला लागलं. मी तिथेच उभा. माझ्या बायकोकडे बघत होतं ते, आणि मी शेजारी उभा होतो. तुमचं लग्न झालंय ना? मग तुम्हाला सांगायला नको.

मग पुन्हा डब्याचं झाकण. पुन्हा ती बारीक घासणी.

मी ठरवलं, आता नाही बघायचं. काही झालं तरी नाही. पण नाही बघितलं तर तिथे काय चाललंय ते कसं कळणार? यात अडकतो माणूस. पुन्हा पाळी आली, मी धावत जाऊन डोळा लावला. आता खिडकी नव्हती. पडदा मागे राहिला होता. आता फक्त उशी, आणि उशीवर तिचा चेहरा, भिंगभर. तिचा नाकाजवळचा तीळ दिसत होता मला. उलटा. तिचे ओठ किंचित हलत होते.

आणि मग तिने डोळे उघडले. शेजारी भिंत पडली तरी न उठणारी माझी बायको. तिने डोळे उघडले आणि सरळ भिंगात बघितलं, माझ्याकडे. नाही, माझ्या थोडं मागे, माझ्या खांद्यावरून. तिच्या कपाळावर आठी पडली. कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

मी रडलो. सांगायला लाज कसली? देवाकडे ढग मागितले. आयुष्यभर मोकळं आभाळ मागत आलो आणि त्या रात्री हात जोडून ढग मागत होतो. कधीतरी पहाटेकडे ते आले. कडेकडून तारे विझत गेले, भिंगातलं चित्र गढूळ झालं, आणि माझ्या शेजारचा अंधार एकदम रिकामा झाला. कसं कळलं? घरातला पंखा बंद झाल्यावर कळतं ना, तसंच.

उजाडल्यावर ताईने दार उघडलं. हातात चहा. तिचा चेहरा… काय सांगू, उजळला होता. डोळ्यांखालचं काळं उतरलेलं. किती महिन्यांनी झोपली होती कोण जाणे.

"झोप लागली रे मला," म्हणाली. मला वाटतं तिला खरंच आनंद झाला होता, मलाही होईल असं वाटलं असावं.

मी चहा घेतला नाही. आधी ओट्यावरचा मोबाइल उचलून बायकोला फोन केला. ती झोपेच्या आवाजात म्हणाली, "काय हो सकाळी सकाळी? ठीक आहे सगळं. एक घाणेरडं स्वप्न पडलं, बास." मी फोन ठेवला.

"ते दाजी नाहीत," मी ताईला म्हटलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पहिल्याच रात्री कळलं. ते गेल्यावर मी एकटी बसले होते, खांद्यावर हात आला. मला वाटलं, आले. मी जागा दिली." ती खाली बघत होती. "मग कळलं. पण तोवर जागा दिली होती ना."

"मग कोण आहे ते?"

"मी विचारलं नाही. विचारलं तर तेही काही विचारेल."

"ताई, ते माझ्या घरी बघतंय!"

"जो जागा देतो त्याच्या माणसाकडे बघतं," ती म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "माझ्या लेकीकडे बघत होतं रे. आधी नुसतं घर दिसायचं, मग खिडकी. मग पाळणा. परवा त्याने नाकावरचं भिंग लावलं, भिंग्या. बाळाच्या पापण्या दिसत होत्या. बाळ हसलं त्याला. मी काय करू? सांग ना, मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायचं होतंस. खरं सांगायचं होतंस. मी आलो असतो."

"खरं सांगितल्यावर तू जागा दिली असतीस?"

मी माझे सोलवटलेले हात चोळत राहिलो.

"दुसऱ्या कुणाला बोलावणार?" ती डोळे पुसत म्हणाली. "दुसरं कुणी आलंच नसतं. तू माझ्या एका हाकेवर येतोस."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. सुरी चालवली असती तर निदान आरडाओरडा करता आला असता. माझ्या प्रेमाचाच तिने दोर केला आणि मला बांधून अंगणात ठेवलं. आणि वर चहा घेऊन आली. मला इतका राग आला, इतका… बाहेर गेलो. नळीतून आरसा काढला. माझ्या हाताने महिनोन्महिने घासलेला आरसा. पायरीच्या दगडावर आपटला. एकदा आपटल्यावर फुटला, तरी आपटत राहिलो.

ताई धावत आली. मला वाटलं, दाजींची वस्तू फोडली म्हणून ओरडतेय.

"फोडलास?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. "अरे, हे काय केलंस? निदान दिसत तरी होतं, ते कुठे बघतंय ते!"

मी तसाच निघालो. तिने मागून हाक मारली. एका हाकेवर थांबणारा मी, त्या दिवशी थांबलो नाही. रस्ताभर काचेचा चुरा हातातून काढत होतो.

ताई आता लेकीकडे राहायला गेलीय. तब्येत सुधारली म्हणतात. नातीला खेळवते. बायकोला मी यातलं काही सांगितलेलं नाही. काय सांगू? आणि सांगून तिने काय करायचं, झोपायचंच नाही? ती बापडी मलाच बोल लावते, "बहिणीशी असं अबोला धरून बसतात का? त्या रोज चौकशी करतात बिचाऱ्या."

चौकशी करते, खरं आहे. ज्या रात्री आभाळ मोकळं असतं, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास फोन. सुरुवातीला मीच उचलायचो. "सगळं ठीक ना रे तिकडे?" बस, एवढंच विचारते. मी म्हणायचो, ठीक आहे. की ती गप्प. बराच वेळ गप्प, आणि मागे बाळाचा आवाज येत राहायचा. आधी मला वाटायचं, पस्तावा असेल. मग एके दिवशी डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे ठीक असलं की तिला धडकी भरते. माझ्याकडे ठीक, म्हणजे ते परत तिच्याकडे वळलं नाही ना? माझ्या घरात काहीतरी वाईट घडलंय, हे ऐकायला फोन करते माझी ताई. मला लहानाचं मोठं करणारी. त्यानंतर मी फोन उचलणं सोडलं.

काल रात्री आभाळ कसं होतं बघितलंत ना? एक ढग नव्हता. मी खुर्ची टाकून बायकोच्या उशाशी बसलो होतो, दार-खिडकी बंद करून. पहाटे डोळा लागला असावा. उठलो तेव्हा थंडीने खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, पांढरी, जाड. आणि त्या वाफेत एक गोल पुसलेला होता. छोटा, डोळ्याएवढा, कडा अगदी रेखीव. वाफ आतल्या बाजूची होती. गोलही आतल्याच बाजूने पुसलेला. बाहेरून नव्हे.

मी वाकून त्यातून बघितलं. बाहेर नुसती समोरची भिंत.

तेवढ्यात फोन वाजला. मी हललो नाही. बायको जांभई देत उठली, तिने घेतला. "हो ताई… हो, सगळं ठीक आहे आमच्याकडे. अगदी छान." मग तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली,

"अहो, ताई रडतायत. बाळाचं काहीतरी म्हणतायत. बोला ना तुम्ही."

काचेवरचा गोल दिसू नये म्हणून मी खिडकीला पाठ लावून उभा होतो. मी एक शब्द बोललो असतो, की ते अजून इथेच आहे, तर ती शांत झाली असती. मी मान हलवून नाही म्हटलं. बायकोने फोन ठेवला आणि ती चहा टाकायला आत गेली.